हॅसलब्लाडची लेन्स निघत नसेल तर…

आजोबांच्या कपाटातून हॅसलब्लाड निघाला आणि लेन्स फिरेना, तर कृपया पिळू नका. १९५७ साली आलेल्या ५०० सी आणि नंतरच्या ५०० सी/एममध्ये मुख्य शटर लेन्समध्येच असतं. त्याची चावी बॉडीतला एक दांडा भरतो. त्याचं टोक लेन्समागच्या खाचेत बसतं. बॉडी आणि लेन्स दोन्हींची चावी भरलेली असेल तरच लेन्स सुटते. एकीची भरलेली, दुसरीची उतरलेली, की अडकलंच. जोर लावला तर नुकसान आतल्या यंत्रणेचं.

फिल्मचा मागचा डबा काढा. झडपा बंद असतील तर बोटाने अलगद उघडा. खालच्या बाजूला दांड्याचा खाचेचा माथा दिसेल. लांब, बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो घड्याळाच्या दिशेने ‘टक्’ होईपर्यंत फिरवा. हात थरथरत असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगा. लेन्सची मागची काच शेजारीच असते आणि तिच्यावरचा ओरखडा जात नाही.

परत बसवताना बॉडी वाइंड केलेली हवी आणि लेन्सची खाच लाल ठिपक्यासमोर. नसेल तर खाच नाण्याने फिरवून घ्या. माउंट कोरड्या मऊ कापडाने पुसा. तेल मात्र नको. ते शटरच्या पात्यांपर्यंत पोचतं आणि पाती चिकटतात.