फूड रिकॉल म्हणजे काय? सुट्या मालाच्या ग्राहकाने काय करावे?

एखादा खाद्यपदार्थ असुरक्षित असल्याचे आढळल्यावर तो बाजारातून परत मागवणे म्हणजे 'फूड रिकॉल'. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 28 नुसार ही जबाबदारी माल बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या व्यावसायिकाची आहे. त्याची कार्यपद्धती 2017 च्या नियमावलीत दिली आहे.

जून 2015 मध्ये शिशाच्या प्रमाणावरून मॅगी देशभरातून परत मागवली गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द करून फेरतपासणीचा आदेश दिला. फेरतपासणीत शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. वाद काहीही असो, माल परत आणता आला, कारण प्रत्येक पाकिटावर कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक होता.

सुट्या मालाचे काय? 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. लोकांचे पाय सुजले, 60 हून अधिक जण दगावले. सुट्या तेलावर ना नाव असते, ना बॅच; मग परत मागवणार काय आणि कोणाकडून? रोजच्या कमाईतून थोडे थोडे तेल, तिखट, हळद घेणारी कुटुंबे म्हणूनच जास्त धोक्यात असतात.

आपण काय करावे?

1. पाकिटावर 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहा. बिल मागून घ्या.

2. सामूहिक भोजन असेल तर तेल, पीठ, मसाल्यांच्या रिकाम्या पिशव्या दोन-तीन दिवस जपून ठेवा. त्रास झाल्यास तपासणीत त्याच उपयोगी पडतील.

3. परत मागवलेला माल घरात असल्यास खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. पाकिटासह दुकानदाराला परत करा.

4. उलट्या-जुलाब झाल्यास आधी दवाखाना गाठा. उरलेले अन्न झाकून वेगळे ठेवा.

5. तक्रारीसाठी एफएसएसएआयचा 1800112100 किंवा महाराष्ट्र अन्न व औषध प्रशासनाचा 1800222365 हा टोल-फ्री क्रमांक आहे.

कलम 40 नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. माल दोषी ठरल्यास शुल्क परत मिळते. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास कलम 65 मध्ये किमान 5 लाख रुपये भरपाईची तरतूद आहे.

कार्यकर्त्यांनी ही माहिती वस्तीतल्या प्रत्येक घरापर्यंत न्यावी. पुरावा हातात असेल तरच हा कायदा गरिबाच्या कामी येतो.