जनरेटरची वीज : येते कशी, पडते केवढ्याला आणि जाते कुठे



उन्हाळ्यात उसाची पाळी लांबली की कांड्या आखूड पडतात आणि ते नुकसान पुढे वजनकाट्यावर दिसते. म्हणून वीज गेली की जनरेटर लावून मोटर चालवणारे सभासद आपल्या कार्यक्षेत्रात बरेच झाले आहेत. त्यात गैर काही नाही. पण शिवारात फिरताना आम्हाला असे दिसते की, जनरेटर चालू करता सगळ्यांना येतो. आत काय घडते ते मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ते ठाऊक नसल्याने मोटर जळते, डिझेल वाया जाते आणि प्रसंगी माणूसही दगावतो.

जनरेटरचे दोन भाग असतात : एक इंजिन आणि दुसरा वीज काढणारा अल्टरनेटर.

डिझेल इंजिनात पेटवायला ठिणगी लागत नाही. दट्ट्या वर येताना सिलिंडरमधली हवा सोळा ते अठरा पटींनी दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते, तोच प्रकार. फक्त इथे हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटला की तो आपोआप पेट घेतो, दट्ट्या खाली रेटला जातो आणि क्रँकशाफ्ट फिरतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढे विहिरीवरची मोट जाऊन इंजिन कसे आले, ते जुन्या सभासदांना सांगायला नको.

इंजिनाचा दांडा अल्टरनेटरमधला चुंबक फिरवतो. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविले. आपल्या शेतावरच्या बहुतेक जनरेटरमध्ये चार ध्रुवांचा चुंबक असतो आणि तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यामुळेच लाईनवर असते तशी ५० सायकलची वीज मिळते. इंजिन दमून फेरे कमी झाले की सायकल उतरते, दाबही पडतो आणि मोटर तापू लागते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोटर चालू केली की अल्टरनेटर फिरायला जड जातो, बैलगाडीला चढ लागावा तसा. मग गव्हर्नर इंजिनाला जादा डिझेल सोडतो. म्हणजे विजेचा प्रत्येक युनिट डिझेलच्या टाकीतूनच येतो, फुकटचा एकही नाही.

हिशेब असा आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिटांइतकी उष्णता असते. त्यातून लहान जनरेटर ३ युनिटांच्या आसपास वीज देतो. बाकीची उष्णता धुरातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. साडेसात अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासाला साडेसहा युनिट ओढते. म्हणजे आठ तासांत १७ ते १८ लिटर डिझेल गेले. लिटरला ९० रुपये धरले तर दीड हजाराच्या वर खर्च झाला. विहीर उथळ असेल आणि इंजिन जवळ नेता येत असेल, तर पंप थेट इंजिनावर चालवणे स्वस्त पडते, कारण मधली दोन ठिकाणची गळती वाचते. बोअरच्या पाणबुडी मोटरीला मात्र जनरेटरशिवाय इलाज नाही.

जनरेटर घेताना मोटरीच्या अश्वशक्तीवर जाऊ नये. थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या सहा पट करंट ओढते. साडेसातच्या मोटरीला म्हणून १५ केव्हीएच्या आसपासचा जनरेटर लागतो. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर हा झटका एक-तृतीयांशावर येतो. उलट फार मोठा जनरेटर घेऊन हलक्या भारावर चालवला तर डिझेल नीट जळत नाही आणि काजळी धरते.

आता सर्वांत महत्त्वाचे. एका उन्हाळ्यात आम्ही एका सभासदाच्या बांधावर उभे होतो. लाईन बंद होती. जनरेटरच्या वायरी त्यांनी सरळ स्टार्टरच्या वरच्या बाजूला जोडल्या. मेन स्विच तसाच चालू राहिला. आमच्याही ते ध्यानात आले नाही. तिकडे खांबावर वायरमन जंपर जोडायला चढणार होता. चढण्यापूर्वी नियमाप्रमाणे त्याने तारांना अर्थ दिला, तोच ठिणगी उडाली आणि इकडे जनरेटर गुदमरून बंद पडला. आपली वीज उलटी डीपीत गेली होती. डीपीला उलटसुलट कळत नाही. ४१५ व्होल्ट आत गेले की पलीकडे ११,००० व्होल्ट निघतात. त्या गड्याने तेवढी एक शिस्त पाळली नसती, तर एका पाळीपायी एक घर उघडे पडले असते. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून आमची विनंती आहे की, चेंज-ओव्हर स्विच बसविल्याशिवाय जनरेटर जोडू नये. त्यात हँडल एका वेळी एकाच बाजूला राहते : लाईन तरी, नाहीतर जनरेटर तरी. तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. जनरेटरला अर्थिंग करावे. पावसापायी किंवा चोरीच्या भीतीने तो बंद मोटरघरात चालवू नये. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आणि पाण्याचे तासच कमी लागतील असे पाहावे. पाचट न जाळता सरीत ठेवले, ठिबक केले, तर पाळी लांबली तरी ऊस दम धरतो. सर्वांत स्वस्त युनिट तोच, जो वापरावा लागला नाही.

चेंज-ओव्हर स्विचबद्दल शंका असल्यास गट ऑफिसात सांगावे. आम्ही बांधावर येऊन पाहू आणि या खेपेला मेन स्विच आधी पाहू.

— ऊस विकास अधिकारी