‘नुसता क्रॅक आहे, फ्रॅक्चर नाही’

हे वाक्य आपल्याकडे हाडांच्या दवाखान्याबाहेर ऐकू येतं, तसंच पलटणीच्या एमआय रूममध्ये, म्हणजे वैद्यकीय तपासणीच्या खोलीतही. घरी त्याने फारसं बिघडत नाही, माणूस चार दिवस पडून तरी राहतो. पलटणीत मात्र ‘क्रॅक’वाला जवान दुसऱ्या दिवशी पाठीवर बोजा घेऊन रांगेत उभा असू शकतो. वैद्यकाच्या भाषेत या दोन्हींत काहीच फरक नाही. हाडाला केसाएवढा तडा गेला तरी ते फ्रॅक्चरच. नर्सिंग असिस्टंटला हे पक्कं ठाऊक असावं लागतं, कारण डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्या चौकीवर असतो आणि जखमी माणूस त्याच्यापर्यंत आधी वायरलेसवरच्या शब्दांतूनच पोचतो.

‘पडला नाही, आपटला नाही, मग मोडेल कसं?’ हा त्याचाच जोडीदार. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब चालीनंतर सैनिकांचे चवडे सुजून दुखतात, अशी नोंद केली. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यानंतर दोनच वर्षांत अशा सुजलेल्या पायांत मोडलेलं हाड दिसलं आणि ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव रूढ झालं. हाडाला सावरायला वेळ न देता तोच तो भार पडत राहिला की ते आतून चिरतं. रंगरुटांमध्ये हे जास्त, कारण गावाकडून आलेल्या पोराची चाल आणि धाव काही आठवड्यांत एकदम वाढते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, आणि स्वच्छ एक्स-रे हातात असला की ‘नाटक करतोय’ म्हणायला सगळे मोकळे. अशा वेळी बोट कामाला येतं. नडगीच्या आतल्या कडेवरून ते हळूहळू खाली न्यावं. वीतभर पट्टाच ठणकत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे हाड न मोडता नडगीच्या कडेला आलेलं दुखणं. बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी जवान कळवळला, तर एक्स-रे काहीही म्हणो, धावणं बंद.

‘कंपाउंड’ म्हणजे हाडाचा चुरा, हाही पक्का बसलेला समज. चुऱ्याला कॉमिन्यूटेड म्हणतात. कंपाउंड म्हणजे उघडं फ्रॅक्चर, त्यात मोडलेल्या जागेपर्यंत बाहेरून वाट झालेली असते. हाड बाहेर डोकावायलाच हवं असं नाही. मोडलेल्या नडगीवर डाळीएवढं छिद्र असेल, त्यातून काळपट रक्त झिरपत असेल आणि त्यावर तेलाचे थेंब तरंगताना दिसत असतील, तर ती हाडाच्या मगजातली चरबी. त्या छिद्रावर चिकटपट्टी लावून भागत नाही. निर्जंतुक पट्टी, आधार, प्रतिजैविक आणि रवानगी, हे सगळं लवकर व्हायला हवं.

घोट्याचं थोडक्यात. लिगामेंट हाडाला हाड बांधतं, ते ताणलं-फाटलं की स्प्रेन. स्नायू किंवा त्याचा टेंडन दुखावला की स्ट्रेन. ‘चालता येतंय म्हणजे मोडलं नाही’ हे अर्धसत्य आहे. 1992 मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे तयार झालेल्या नियमांत चार पावलं टाकता येतात का, हे पाहतातच. पण घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड आणि टोक दाबूनही पाहतात. तिथे हाडावरच दुखलं, तर चालणाऱ्याचाही एक्स-रे काढायचा.

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘नाडी लागतेय, म्हणजे पाय ठीक आहे.’ नडगी मोडल्यावर किंवा पोटरी चिरडल्यावर स्नायूंच्या घट्ट आवरणाआत सूज वाढत जाते आणि बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. मोठ्या धमनीतला दाब जास्त असल्याने पावलावरची नाडी शेवटपर्यंत लागू शकते. हा कंपार्टमेंट सिंड्रोम. जखमेच्या मानाने दुखणं अवाच्या सवा असतं, पोटरी दगडासारखी लागते, पायाचा अंगठा हळूच वर-खाली केला तरी जवान ओरडतो. नाडी जाण्याची वाट पाहिली तर पाय जातो, कारण साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. पट्ट्या, प्लास्टर सगळं सैल करायचं, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, उशांवर उंच चढवायचा नाही, आणि शल्यचिकित्सकाकडे न्यायचं.

त्वचेकडे एमआय रूममध्ये कोणी गांभीर्याने पाहत नाही. नायटा ‘रक्त खराब झाल्याने’ होत नाही. ती बुरशी आहे, आणि बराकीत ती टॉवेल-चड्डीवरून फिरते. दुकानातली स्टेरॉइडमिश्रित क्रीम लावली की खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते. नायट्याची ओळखीची गोल कडही पुसली जाते, मग डॉक्टरही फसतो.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या. ट्रेंच फूट वेगळं. त्यात पाऊल तासन्‌तास थंड ओलीत राहून आतल्या नसा आणि रक्तवाहिन्या दुखावतात. त्यासाठी पारा शून्याखाली जावा लागत नाही. गोठावं लागतं ते फ्रॉस्टबाइटमध्ये. तिथे ‘बर्फाने चोळा’ हा सल्ला नेपोलियनच्या सैन्याचे शल्यचिकित्सक लारे यांनी 1812 च्या रशियन मोहिमेनंतर रूढ केला. तो चुकीचा ठरला, तरी पुरता गेलेला नाही. चोळल्याने गोठलेली त्वचा आणखी फाटते, आणि शेकोटीजवळ बधिर पाय भाजला तरी कळत नाही. गोठलेला पाय 37 ते 39 अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवायचा. पण सियाचीनसारख्या ठिकाणी वाटेत तो पुन्हा गोठण्याची भीती असेल, तर मुद्दाम वितळवायचाच नाही. वितळून पुन्हा गोठणं जास्त घातक.

आणि प्रत्येक पुरळ म्हणजे ॲलर्जी नव्हे. लाल ठिपक्यांवर काचेचा ग्लास दाबावा. ठिपके फिके झाले नाहीत तर त्वचेखाली रक्त उतरलं आहे, हे पेटेकिया. सोबत ताप असेल तर बराकीत पसरणाऱ्या मेनिंगोकोकससारख्या संसर्गाची शंका घ्यायची आणि सिक परेडची, म्हणजे आजारी जवानांच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच घटकेला पाठवायचं. सावळ्या अंगावर हे ठिपके सहज लपतात, म्हणून तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातली टाळू बॅटरीच्या उजेडात पाहावी.