दुखत नाही ना, मग राहू दे?

गालावर वाटाण्याएवढी गाठ आलीय. लालसर, गुळगुळीत, टणक. दुखत नाही, खाजत नाही. 'बघू वीकएन्डला' म्हणून आपण मोकळे! बहुतेक वेळा ती खरंच साधी निघते. पण क्वचित अशीच एखादी गाठ भराभर वाढते आणि नाव निघतं 'मर्केल सेल कार्सिनोमा'. त्वचेचा दुर्मीळ, पण अतिशय आक्रमक कॅन्सर. आपल्याकडे फारच विरळा. गोरी त्वचा, पन्नाशी ओलांडलेलं वय, वर्षानुवर्षांचं ऊन किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असेल तर धोका जास्त.

''नुसतं बघून कळत नाही का हो?'' मी पुण्यातल्या एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विचारलं.

''बघून शंका येते. निदान मात्र टिश्यूवरूनच,'' त्या म्हणाल्या आणि त्यांनी सगळी प्रोसेस समजावली.

बायोप्सीचा तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये टाकतात. मग मेणात बसवून त्याचे जेमतेम काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात. नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग दिला की मायक्रोस्कोपखाली दिसतात छोट्या, गोल, निळसर पेशी, अगदी खच्चून भरलेल्या. घोळ इथेच आहे! फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर, लिम्फोमा, कधी कधी मेलॅनोमाही असाच दिसतो. उपचार मात्र प्रत्येकाचे वेगळे.

हा घोळ सोडवते इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. म्हणजे पेशीतलं ठरावीक प्रोटीन अँटिबॉडीने हुडकायचं आणि रंगाने दाखवायचं. मर्केलमध्ये 'सीके-२०' बहुधा केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखं उमटतं, तर 'टीटीएफ-१' सहसा निगेटिव्ह येतं. फुप्फुसाच्या त्या कॅन्सरमध्ये नेमकं उलटं. 'सीडी-४५' लिम्फोमाकडे बोट दाखवतं, 'एस-१००' मेलॅनोमाकडे. एकट्या टेस्टवर कुणी विसंबत नाही, सगळ्यांचा मेळ घालावा लागतो.

एवढा खटाटोप कशाला? तर नाव बरोबर निघालं की पुढचा रस्ता ठरतो. १९७२मध्ये सिरिल टोकर यांनी या कॅन्सरचं पहिलं वर्णन केलं. २००८मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांना यातल्या बहुतेक गाठींत एक व्हायरस सापडला. आणि २०१७मध्ये, पसरलेल्या मर्केलसाठी, अमेरिकेत अ‍ॅव्हेलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला मंजुरी मिळाली. त्याआधीच्या टप्प्यावर सर्जरी आणि रेडिएशन आहेच.

निघताना मॅडमनी एकच गोष्ट बजावली, ''काढलेली गाठ कधी फेकून देऊ नका. तपासणीला पाठवायला सांगा.''

तेव्हा मंडळी, घरात कुणी 'छोटीशीच होती, काढून टाकली' असं म्हणालं, तर लगेच विचारा, रिपोर्ट काय आला?