कालामांची कसोटी आणि जाहिरातीची भाषा

वृत्तपत्रांच्या वधू-वर सदरांत 'एससी, एसटी क्षमस्व' ही ओळ वर्षानुवर्षे छापली गेली. ती वाचून फारसे कोणी थबकत नसे, कारण तिच्यात शिवी नाही. उलट क्षमायाचना आहे. पण ही क्षमा कोणत्या अपराधाबद्दल? बहिष्कार तसाच ठेवून त्यावर सौजन्याचे वस्त्र पांघरण्याचे काम येथे भाषा करते. हेच प्रचाराचे तंत्र होय, आणि ते ओळखण्याची शिकवण पालि साहित्यात आहे.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात कोसल देशातील केसपुत्त या कालामांच्या नगराची कथा येते. तेथे येणारे श्रमण-ब्राह्मण आपले मत उजळून दाखवीत व दुसऱ्याचे हिणवीत. खरे कोणाचे, हे कालामांना कळेना. भगवंतांनी कोणाचीही बाजू न घेता दहा आधार सांगितले, ज्यांच्या भरवशावर कोणतीही गोष्ट स्वीकारू नये.

आजच्या जाहिराती यांपैकी कित्येक आधारांवर उभ्या आहेत. 'पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास' ही 'परंपरा'. 'सगळे हेच वापरतात' ही 'इतिकिरा', म्हणजे ऐकीव वार्ता. पांढरा कोट घालून दंतमंजनाची शिफारस करणारा नट ही 'भब्बरूपता'. बोलणारा अधिकारी वाटतो, एवढ्यावरच त्याचे म्हणणे खरे मानणे. लाडका खेळाडू सांगतो म्हणून वस्तू घेणे, हे 'समणो नो गरु', म्हणजे 'हे आमचे गुरू' या भावनेचेच रूप. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातीत सावळ्या मुलीला आधी नकार मिळे, क्रीम लावल्यावर नोकरी मिळे. एकामागून दुसरे घडले म्हणून पहिल्यामुळे दुसरे घडले, असे फसवे अनुमान हा 'नयहेतु'. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० साली तिच्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. शब्द बदलला, सावळेपणाची लाज किती बदलली, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

गोड शब्दाची पारख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला करून दाखविली आहे. १९३८ साली मुंबई विधानसभेतील एका विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द योजला गेला, तेव्हा त्यांनी व स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध करून सभात्याग केला. नाव गौरवाचे होते. पण ते देणारे वेगळे आणि धारण करणारे वेगळे होते.

केवळ अविश्वास म्हणजे कालामांची कसोटी नव्हे. या बोलण्याने लोभ, द्वेष, मोह वाढतात की घटतात, आणि त्यातून हित होते की अहित, हे स्वतः जाणून मग स्वीकारावे वा त्यागावे, असे तथागत सांगतात. ही कसोटी आपल्यालाही चुकलेली नाही. भ्रमणध्वनीवर 'बुद्धवचन' किंवा 'बाबासाहेबांचे उद्गार' म्हणून आलेला मजकूर मूळ ग्रंथ न पाहता पुढे पाठविणारे आपण 'इतिकिरा'लाच शरण जातो. मजकूर आपल्या बाजूचा असला, तरी दोष तोच.

म्हणून आमची एक सूचना आहे. रविवारी मुलांसह एक जाहिरात मोठ्याने वाचावी व तीन प्रश्न विचारावेत: हे कोण सांगते? ऐकणाऱ्याच्या मनात काय जागे होते? त्यातून लाभ कोणाचा? एवढ्या अभ्यासानेही डोळे उघडू लागतात.