धोट्याचे पंख कोणी ठरवले?

स्पेस शटलचे चित्र तुम्ही पाहिले असेलच. पांढरी पाठ, काळे पोट आणि मागे रुंद होत गेलेले मोठे त्रिकोणी पंख. शटल म्हणजे हातमागावरचा धोटा. धोटा जसा मागावर सारखा ये-जा करतो, तसे पृथ्वी आणि अंतराळ यांच्यामध्ये ये-जा करणारे यान, म्हणून हे नाव. १२ एप्रिल १९८१ रोजी 'कोलंबिया' हे शटल प्रथम अंतराळात गेले. जुलै २०११ मध्ये 'अटलांटिस' परतले आणि हा कार्यक्रम संपला. एकूण १३५ उड्डाणे झाली.

आता एक प्रश्न. अंतराळात हवा नाही, मग तेथे पंख कशाला? तुम्ही म्हणाल, परत येताना विमानासारखे उतरण्यासाठी. बरोबर. पण केवळ उतरण्यासाठी एवढे मोठे पंख लागत नाहीत. नासाचे अभियंते मॅक्सिम फॅजे यांनी सुरुवातीला जे यान सुचवले, त्याला साध्या विमानासारखे आखूड, सरळ पंख होते. ते का बदलले? याचे उत्तर जितके भौतिकशास्त्रात आहे, तितकेच लष्कराच्या गरजांत आहे.

पैशांची अडचण

१९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तोपर्यंत नासाच्या खर्चाला कात्री लागू लागली होती. पुन्हापुन्हा वापरता येणारे यान बांधायचे, तर सरकारचा प्रश्न ठरलेला होता: हे स्वस्त पडेल का? यान वर्षातून अनेकदा उडाले तरच ते परवडणार. म्हणजे देशाचे बहुतेक सगळे उपग्रह त्यातूनच गेले पाहिजेत, लष्कराचेसुद्धा. म्हणून नासाला हवाई दलाचा पाठिंबा हवा होता. हवाई दलाजवळ मात्र स्वतःचे दणकट अग्निबाण होते. त्याला घाई नव्हती. साहजिकच अटी त्याने घातल्या.

पहिली अट लांबीची. मालाचा कप्पा ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर लांब हवा. कशासाठी, हे तेव्हा उघडपणे सांगितले जात नव्हते. पण 'हेक्सॅगॉन' नावाच्या अमेरिकी टेहळणी उपग्रहांची माहिती २०११ साली खुली झाली. त्यांची लांबी सुमारे १८ मीटरच होती!

दुसरी अट वजनाची. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत सुमारे १८,००० किलोग्रॅम वजन नेता आले पाहिजे. पूर्वेकडे झेप घेणाऱ्या यानाला पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आयताच मिळतो. फ्लोरिडातील तळावर तो ताशी सुमारे १,४७० किलोमीटर असतो. ध्रुवीय कक्षेत जाताना हा फायदा मिळत नाही. म्हणून त्यासाठी यानाची ताकद अधिक लागते.

तिसरी अट सर्वांत विलक्षण होती आणि पंख ठरवले ते प्रामुख्याने तिनेच.

पृथ्वी थांबत नाही

टेहळणी उपग्रहाला ध्रुवीय कक्षा सोयीची असते. तो उत्तर-दक्षिण फिरत राहतो, त्याच्याखाली पृथ्वी पूर्वेकडे वळत राहते आणि हळूहळू सगळे जग त्याच्या नजरेखालून जाते. अशा कक्षेसाठी कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग हा तळ निवडला होता, कारण तेथून दक्षिणेला थेट पॅसिफिक महासागर आहे. तेथून उडायचे, उपग्रह सोडायचा किंवा कक्षेतला उपग्रह पकडायचा आणि पृथ्वीभोवती एकच फेरी मारून त्याच तळावर उतरायचे, अशी कामगिरी हवाई दलाने मांडली. प्रतिपक्षाला पत्ता लागण्याआधी काम उरकावे, हा हेतू.

शाळेतला पृथ्वीगोल घ्या. त्याच्याभोवती उत्तर-दक्षिण दिशेने, ध्रुवांवरून जाईल असे एक तारेचे कडे न हलवता धरा. हे कडे म्हणजे यानाची कक्षा. आता गोल पूर्वेकडे थोडा फिरवा. कड्याखाली असलेले गाव बाजूला सरकले ना? यान तळावर परत येते, तेव्हा तळ जागेवर नसतो!

किती सरकतो, ते काढू. विषुववृत्तावर पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. व्हँडेनबर्ग सुमारे ३५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ३५ अंशांची कोसाइन किंमत ०.८२, म्हणून तेथील अक्षवृत्ताची लांबी ३२,८०० किलोमीटर. एका फेरीला ९० मिनिटे लागतात, म्हणजे दिवसाचा १६ वा भाग. ३२,८०० ला १६ ने भागा. उत्तर येते २,०५० किलोमीटर! परतताना यानाला एवढे अंतर बाजूला सरकावे लागणार. हवाई दलाची मागणीही जवळपास एवढीच होती.

सरळ की त्रिकोणी?

इंजिन बंद असताना यान बाजूला सरकणार कसे? घार आठवा. ती एका अंगाला कलते आणि पंख न हलवता वळते, कारण तिला वर उचलणारे हवेचे बल आता थोडे बाजूलाही ओढते. शटलही तसेच वळते. अर्थात त्यासाठी हे उचल देणारे बल हवेच्या रोधाच्या मानाने पुरेसे हवे. फॅजे यांचे यान नाक खूप वर करून, पोट पुढे धरून वातावरणात शिरले असते. रोध जास्त, उचल कमी. त्यामुळे ते ४००-५०० किलोमीटरच्या पलीकडे सरकू शकले नसते. त्रिकोणी पंख ध्वनीच्या कित्येक पट वेगालाही चांगली उचल देतात.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. यान जास्त वेळ तरंगणार, म्हणजे जास्त वेळ तापणार. पंख मोठे, म्हणजे झाकायचा पृष्ठभागही मोठा. म्हणून शटलवर उष्णतारोधक अशा सिलिकाच्या २४,००० हून अधिक फरशा बसवाव्या लागल्या आणि प्रत्येक उड्डाणानंतर त्या तपासाव्या लागत. 'स्वस्त आणि झटपट' हे स्वप्न मागे पडण्याच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण.

सगळे खापर हवाई दलावर फोडणे मात्र बरोबर नाही. उड्डाणात बिघाड झाल्यास एका फेरीत परतता यावे, असे नासालाही वाटत होते. सरळ पंखांचे यान वेग कमी होताना स्थिर राहील का, अशी शंकाही काही तज्ज्ञांनी घेतली होती. लांब कप्प्याचा उपयोगही झालाच. १९९० साली १३ मीटर लांबीची हबल दुर्बीण त्यातूनच वर गेली.

न झालेले उड्डाण

मग ती एका फेरीची कामगिरी केव्हा पार पडली? कधीच नाही! व्हँडेनबर्गला अब्जावधी डॉलर खर्चून तळ सज्ज केला होता आणि १९८६ साली तेथून पहिले उड्डाण ठरले होते. पण २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर'चा अपघात झाला. लष्कर हळूहळू आपल्या अग्निबाणांकडे परतले आणि व्हँडेनबर्गहून एकही शटल उडाले नाही.

पंख मात्र राहिले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर 'कोलंबिया' नष्ट झाले. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरून निसटलेला फेसाचा तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळून तेथे भोक पडले होते. मोठ्या पंखामुळेच अपघात झाला, असा याचा अर्थ नाही. पण जो भाग यानावर आहे, तो प्रत्येक उड्डाणात जपावा लागतो, मग तो ज्या कामासाठी घेतला ते काम होवो वा न होवो.

यंत्राचा आकार सूत्रांतून येतो, असे आपण वर्गात शिकतो. सूत्रे खरीच असतात. पण सूत्रात कोणता आकडा घालायचा, हे माणसे ठरवतात. २,०५० च्या जागी ४०० घातले असते, तर शटल वेगळे दिसले असते. म्हणून यापुढे एखादे यंत्र पाहाल, तेव्हा 'हे कसे चालते?' यानंतर आणखी एक प्रश्न विचारा: 'हे असे असावे, असे कोणाला हवे होते?'

जाता जाता एक गणित. तुमच्या गावाचे अक्षांश नकाशातून काढा. ९० मिनिटांत तुमची शाळा किती किलोमीटर सरकते?