तुरा उभा राहिला, म्हणजे खूश झाला?

काकाकुवा हा मूळचा ऑस्ट्रेलिया, इंडोनेशियाकडचा तुरेवाला पोपट. कुणाच्या घरी पाळलेला असला आणि त्याने तुरा उभारला, की पाहुणे म्हणतात, "बघा, खूश झाला!" आणि बोट पुढे करतात. घोटाळा होतो तो इथेच!

मित्रांनो, तुरा हा एक मीटर समजा. पक्षी किती उत्तेजित झालाय एवढंच तो दाखवतो; कशामुळे, ते नाही. आनंद, भीती, राग, सगळ्यात तुरा उभाच. म्हणून बाकीचं अंगही वाचायला हवं :

* तुरा उभा, मान वरखाली, अंग सैल : स्वारी मजेत आहे. (अमेरिकेतला 'स्नोबॉल' गाण्याच्या तालावर खरोखर ठेका धरतो, हे २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं.)
* तुरा उभा, पिसं अंगाला चिकटलेली, अंग ताठ : घाबरलाय.
* तुरा उभा, पंख पसरलेले, डोलत डोलत फुसकारतोय : बोट मागे घ्या!
* तुरा खाली, गालावरची पिसं चोचीवर आलेली, चोचीची बारीक करकर : झोप येतेय, त्रास देऊ नका.

हे इशारे आपण सारखे डावलले, की पक्षी इशारा न देता थेट चावायला शिकतो. मग 'चावरा' असा शिक्का बसतो आणि तो पिंजऱ्यात एकटा पडतो. थव्यात राहणारा हा जीव एकटेपणाने कधी कधी स्वतःचीच पिसं उपटू लागतो.

तेव्हा बोट पुढे करण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. तो आधी सांगतो, आपण ऐकायला हवं.